घरटी एक लाकूड

हिंगणी
२७ ऑक्टोबर २०२४

ताई,

नमस्कार. तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनचा काही उपयोग राहिला नाही, नाहीतर ही बातमी मी तुला ओरडून सांगितली असती. मी विधानसभेला उभा राहिलोय. अपक्ष. परवा अर्ज भरून आलो.

आता हसून घे. मी थांबतो.

झालं? मग ऐक. आयुष्यभर मी वीज मंडळाचा मीटरवाला म्हणून या पट्ट्यातल्या दारादारात गेलो. कोणाच्या घरी किती दिवे जळतात, कोणाचा पंखा माणूस नसतानाही फिरतो, कोण तारेवर आकडा टाकतो, सगळं मला पाठ आहे. निवृत्त झाल्यावर या माहितीचं करायचं काय, हा प्रश्न होता. जयवंता होती तोवर तिला सांगायचो. ती "हो का?" म्हणायची आणि पोळ्या लाटायची. ती गेल्यापासून, म्हणजे साडेतीन वर्षं, हे सगळं डोक्यातच साठत राहिलं. शेवटी कागदावर उतरवलं आणि त्याचा जाहीरनामा झाला.

शेतीला दिवसा वीज, तीही सूर्यावरची, म्हणजे हरभऱ्याला पाणी द्यायला माणसाला अंधारात वाघाच्या वाटेत उभं राहावं लागणार नाही. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी शेतात पेटवायची नाही. गावोगावी यंत्र बसवून तिचा पांढरा कोळसा करायचा. त्या कांड्या चुलीलाही चालतात आणि कारखान्यालाही. रस्ता रुंद करताना कडेचे जुने निंब तोडायचे नाहीत. आणि मोक्षधामात लाकूड बंद. आपल्याकडे मयत झाली की घरटी एक लाकूड दाराबाहेर निघतं आणि घाटावर जातं, तुला माहीतच आहे. एका माणसामागे एक झाड. जंगल आपल्या उशाशी, पण तिथून आता काडी आणू देत नाहीत, म्हणून लोक शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची झाडं तोडतात. त्याऐवजी पांढरा कोळसा वापरावा. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा आहे.

सुरभीचा हैदराबादहून फोन आला. "बाबा, करमत नसेल तर इकडे या ना," म्हणाली. जणू करमत नाही म्हणून मी आमदार व्हायला निघालोय.

तिकडे आर्वीत माझ्याबद्दल कोणी काही बोलतं का, ते कळव.

तुझा
रूपराव


आर्वी
३१ ऑक्टोबर २०२४

चि. रूपराव,

अनेक आशीर्वाद. हसले. इतकी हसले की खिडकीतलं मांजर पळून गेलं. मग जाहीरनामा पुन्हा वाचला आणि हसू थांबलं. चांगला आहे रे. फक्त लांब आहे. लोकांना इतकं चांगलं एकदम दिलं की त्यांना संशय येतो.

आर्वीत तुझं नाव गाजतंय. मुकेश किराणावाला म्हणाला, असा माणूस आपल्या बाजूला का उभा राहिला नाही? डेपोवरचे कंडक्टर तुझ्या पांढऱ्या कोळशाबद्दल बोलत होते. बँकेतल्या बाईंनी तर तुझा फोटो मागितला. तू अगदी निश्चिंत राहा.

माझं ठीक आहे. दाराला पाटी टांगली आहे, खडू बांधून. ज्याला माझ्याशी बोलायचं त्याने त्यावर लिहायचं. सुरुवातीला मजा वाटून लोक लिहायचे. आता कंटाळतात. येतात, हात हलवतात, हसतात, जातात. माझ्या रजतला पुण्याहून सुट्टी नाही, त्यामुळे दिवाळीला मी आणि पाटीच.

भाऊबीजेला ये. सांबारवडी करते आहे, कोथिंबीर भरपूर घालून. तुला आवडते तशी, तिखट. निवडणूक एक दिवस थांबेल.

तुझी
मोहिनीताई


हिंगणी
६ नोव्हेंबर २०२४

ताई,

भाऊबीजेला येता आलं नाही. दुसऱ्या दिवशी माघारीची मुदत होती, चिन्ह वाटायचं होतं. अपक्षाला कोणी विचारत नाही आणि गैरहजर राहिलं की तेवढंच निमित्त होतं. रागावू नकोस.

चिन्ह मिळालं. कोणतं, विचार. एअर कंडिशनर. मी शिट्टी मागितली होती, टॉर्च मागितला होता. विजेची उधळपट्टी थांबवा म्हणून गावोगाव सांगणाऱ्या माणसाच्या छातीवर एसीचं चित्र! सेलूच्या बाजारात पोरं मागून ओरडत होती, "एसीवाले काका, थंडं करा ना!"

प्रतिसाद कसा आहे म्हणशील, तर सांगतो. मला पाहून लोक मत द्यायला नाही, आकडा काढायला धावतात. एका गावात म्हातारी हात जोडून म्हणाली, "कापाले तं नाई आले ना, भाऊ? पुढच्या हप्त्यात भरतो." तिला जाहीरनामा दिला, तर तिने तो बिल समजून पदराला बांधला. दिवसा वीज म्हटलं की लोक म्हणतात, "ते तं सगळेच देऊन राह्यले. तुमी नवीन का देता?" निंबाच्या झाडांबद्दल बोललो तर एक तरुण म्हणाला, "काका, माह्या बायकोले दवाखान्यात नेतानी या रस्त्यानं दोन घंटे लागले. मले झाड सांगू नका." पऱ्हाटीच्या यंत्राला मात्र शेतकऱ्यांनी कान दिला. पण एकाने नेमकं विचारलं, "पऱ्हाटी आमची, यंत्र कोनाचं?" ताई, हा प्रश्न मी जाहीरनाम्यात घालायला हवा होता.

हे सगळं चालतं. लोक हसतात, भांडतात, म्हणजे ऐकतात. वाईट वाटलं ते आपल्याच गावाचं. काल मारुतीच्या पारावर सभा घेतली. माझा शेजारी चंद्रभान, म्हणजे सुलोचनाबाईचा नवरा, त्याने सतरंजी घातली. पन्नासेक माणसं आली, बायाही आल्या. पहिल्या तिन्ही मुद्द्यांना माना हलल्या. मग मी मोक्षधामाचा मुद्दा मांडला. कोणी विरोध केला नाही, कोणी ओरडलं नाही. एकेक जण उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. सुलोचनाबाई तर तोंडाला पदर लावून गेली. शेवटी मी आणि चंद्रभान. तो म्हणाला, "झालं ना, भाऊ? घडी करतो मंग." आणि सतरंजी झटकायला लागला.

रूढीला चिकटलेली माणसं आहेत, दुसरं काय. एवढ्या माणसांसमोर असं एकटं पडायला मी तयार नव्हतो. आर्वीतली माणसं बरी. तुझं पत्र खिशात ठेवून फिरतो.

तुझा
रूपराव


आर्वी
१० नोव्हेंबर २०२४

चि. रूपराव,

सांबारवडी मांजराने खाल्ली, म्हणजे राग गेला असं समज. त्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. तो निदान वेळेवर आला होता.

माझं पत्र खिशात ठेवून फिरू नकोस. ते खोटं आहे. आर्वीत तुला कोणी ओळखत नाही. मतदारसंघच वेगळा, कशाला ओळखतील? मुकेशला मी तुझा कागद दाखवला तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं, "आजी, तुमचा भाऊ बरा आहे ना?" मी पुसून टाकलं. तू एकटा आहेस म्हणून मी चार माणसं उभी केली. मी स्वतः एकटी असले की असंच करते, म्हणून तुझ्यासाठीही केली.

आता मला खरं सांग. सभेत तू नेमकं काय बोललास? "मोक्षधामाचा मुद्दा मांडला" एवढंच लिहिलंस. आपल्या गावाला मी ओळखते. झाडं वाचवा म्हटल्याने ती माणसं उठून जाणार नाहीत. पाच-पन्नास जण भांडत बसले असते, चहा मागवला असता. ती गप्प झाली म्हणजे काहीतरी लागलं.

आणि आणखी एक. सुलोचनाबाईची स्वीटी इथे आर्वीत दिली आहे, तिने मागे पाटीवर लिहून सांगितलं होतं की तिची आजी वारली तेव्हा तू शेजारी असून मातीला गेला नाहीस. कोणाच्याच मातीला जात नाहीस म्हणे. खरं का?

लाकडाचं तू इंधन मोजतोस. आई काय सांगायची, आठवतं? दाराबाहेर ठेवलेलं लाकूड म्हणजे ते घर स्वतः चालत आलं. आणि एकदा बाहेर काढलेलं परत आत न्यायचं नाही, चुलीत घालायचं नाही. ते ज्याच्या नावाने निघालं, त्याचंच. जयवंता गेली तेव्हा मला आर्वीच्या बाहेर पाऊल टाकता आलं नाही. माझं लाकूड राहिलं, ही गोष्ट मला अजून टोचते. म्हणून विचारते, रागावू नकोस.

तुझी
मोहिनीताई


हिंगणी
१५ नोव्हेंबर २०२४

ताई,

विचारलंस म्हणून सांगतो. मी असं बोललो: "माझ्या जयवंतेला या गावाचं एक लाकूड मिळालं नाही. तरी ती गेलीच ना? मग लाकडावाचून कोणाचं अडतं?"

यात खोटं काय आहे? कोरोनाच्या त्या एप्रिलमध्ये आम्ही दोघंही वर्ध्याला दवाखान्यात होतो, ती एका मजल्यावर आणि मी दुसऱ्या. ती गेल्याचं मला नर्सने सांगितलं. गावी न्यायची परवानगी नव्हती, कोणालाच नव्हती, तक्रार नाही. त्यांनीच सगळं केलं. कशावर जाळलं, हेही मला माहीत नाही. लाकूड होतं, डिझेल होतं, गॅस होता? आयुष्यभर कोणत्या घरी काय जळतं याची नोंद घेतली मी, आणि स्वतःच्या बायकोचं मला माहीत नाही. तिथल्या जाळणाऱ्या माणसाला मी नंतर विचारलं होतं. तो बिचारा पुढच्या कामात होता.

बरा होऊन गावी आलो. माझ्या दारात एक माणूस नाही. घर तसंच, कुलूप तसंच. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला एक बाभळीचा दांडा रोवला होता, जयवंता सारखी म्हणायची म्हणून. तोसुद्धा कोणीतरी उपटून नेला होता. घरात मयत झाली आणि लोकांनी दांडा नेला! हे आपलं गाव. चंद्रभानच्या पोरांचं काम असणार, त्यांना गोठ्याला लाकूड हवंच होतं. मी एक शब्द बोललो नाही. पण त्यानंतर कोणाच्या मातीला जावं असं वाटलं नाही. घाटाकडे तर पाऊलच वळलं नाही.

म्हणून माझा मुद्दा बरोबर आहे. लाकूड काही कामाचं नाही. झाडं तरी वाचू देत.

रूपराव


आर्वी
२० नोव्हेंबर २०२४, संध्याकाळ

चि. रूपराव,

तुझं पत्र चारदा वाचलं. वाद घालत नाही. जयवंतेच्या दांड्याचं वाचून मला रडू आलं.

आज मतदान केलं. सकाळीच गेले. मशीनसमोर उभी राहिले आणि तुझं नाव शोधलं. वरून खाली आणि खालून वर. मला माहीत होतं की ते तिथे नसणार. तरी शोधलं. मागून पोलीसबाईने खांद्याला हात लावला तेव्हा कोणतं तरी बटन दाबून बाहेर आले.

शाई लावलेलं बोट घेऊन घरी आले. दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून तुला लिहिते आहे.

ताई


हिंगणी
२४ नोव्हेंबर २०२४

ताई,

निकाल पेपरात शोधू नकोस, "इतर" या शब्दात मी आहे. अनामत गेली. आपल्या गावातून मिळालेली मतं बोटांवर मोजता येतील, आणि लोक म्हणतात की तीही कोणीतरी एसीचं चित्र आवडून दाबली. नोटा माझ्या कितीतरी पुढे. म्हणजे कोणीच नको म्हणणारे, मी हवा म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त.

मतमोजणीच्या ठिकाणी प्रत्येक उमेदवाराची माणसं जाळीला नाक लावून उभी होती. माझ्या बाजूचं कोणी नव्हतं. बंदोबस्तातल्या शिपायाने विचारलं, "काका, तुम्ही कोणाकडून?" मी म्हणालो, माझ्याकडूनच. त्याने मला बसायला खुर्ची दिली. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट मला मिळाली.

घरी आलो तर चंद्रभानच्या ओसरीवर माणसं होती. जिंकलेल्याचा गुलाल होता त्यांच्या कपाळावर. मला पाहून बोलणं थांबलं. चंद्रभान उठला, दोन पावलं पुढे आला. मी दार उघडून आत गेलो आणि कडी लावली.

सवयीने स्वतःचा मीटर वाचला. महिनाभरात इतके थोडे युनिट जळलेत की मंडळाला वाटावं, या घरात कोणी राहत नाही. मी नोकरीत असतो तर शेरा मारला असता: घर बंद.

प्रचाराची पत्रकं उरली आहेत, एक गठ्ठा. मागची बाजू कोरी आहे. तुला लिहायला कामी येतील. हे पत्रही त्यावरच लिहिलंय, मागे बघ, एसी आहे.

सुरभी हैदराबादला ये म्हणते आहे. आता जावं म्हणतो. इथे राहून काय करायचं? घर विकता येईल का, ते रजतला विचारून ठेव.

तुझा
रूपराव


आर्वी
३० नोव्हेंबर २०२४

चि. रूपराव,

घर विकायचं नाही. रजतला काही विचारणार नाही. आधी हे पत्र वाच आणि मी सांगते ते कर.

काल सुलोचनाबाई आली होती. स्वीटीकडे आली होती, तिथून खास माझ्याकडे आली. पाटी घेतली आणि लिहायला बसली. बाईला लिहायची सवय नाही, अक्षरं एकेक करून काढत होती. पाटी भरली की मी वाचायची, ती पदराने पुसायची आणि पुन्हा लिहायची. असं कितीदा तरी झालं. तिचा पदर पांढरा झाला. शेवटी तीही रडत होती आणि मीही, आणि दोघींमध्ये आवाज कोणाचाच नव्हता. निदान मला तरी ऐकू आला नाही.

तिने काय लिहिलं, ते मी इथे लिहीत नाही. माझ्या सांगण्यावर तू वाद घालशील. तुला स्वतः जाऊन मीटर पाहिल्याशिवाय पटत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून जा. घाटावर जा. एकटा जाऊ नकोस, चंद्रभानला हाक मार आणि त्याला बरोबर घे. त्याच्या कपाळावर गुलाल कोणाचा होता ते विसर.

आणि तू माझा धाकटा भाऊ आहेस, म्हणून स्पष्ट सांगते. एवढी वर्षं दाराला कडी तू आतून लावली होतीस.

लगेच उत्तर लिही. मी रोज पोस्टमनची वाट पाहते.

तुझी
मोहिनीताई


हिंगणी
४ डिसेंबर २०२४

ताई,

गेलो.

चंद्रभानला हाक मारली तेव्हा तो जेवत होता. ताट तसंच ठेवून उठला. कुठे जायचं, ते विचारलं नाही. वाटेत मीच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "रस्ता खराब झाला." तो म्हणाला, "तुमी लय दिवसानं येऊन राह्यले, भाऊ."

मोक्षधामाच्या शेडच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून लाकडांची एक रास आहे. मी पाहिली आणि मला वाटलं, हे सरपण उघड्यावर का पडलंय, वाळवीने पार खाल्लंय. तसं म्हणालोसुद्धा. चंद्रभानने डोक्यावरची टोपी काढली.

"जयवंताबाईचं हाय," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं, ते जसंच्या तसं लिहितो. "बातमी आली तवा तुमी दवाखान्यात होते. गावात कोनाले घराबाहेर निंगू देत नोते. तरी पहाटीस एकेक जन आला अन लाकूड ठेवून गेला. घरटी एक. आमाले वाटलं, बाईले इकडंच आनतीन. मंग दोन दिवसानं समजलं का तिकडंच झालं."

"मग घरी का नाही नेलं?" मी विचारलं.

"निंगालेलं लाकूड वापस नेता येते का, भाऊ? अन दुसऱ्याच्या मातीलेबी लावता येत नाई. जंगलवाले उचलाले आलते. पोट्टे आडवे झाले."

साडेतीन वर्षं, ताई. पाऊस झाला, ऊन झालं. या काळात गावात किती मयती झाल्या, लाकूड किती महाग झालं, पण त्या राशीला कोणी हात लावला नाही. आणि मी पारावर उभा राहून त्याच माणसांना म्हणालो की माझ्या बायकोला या गावाचं एक लाकूड मिळालं नाही. सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून का उठली, ते मला त्या भिंतीपाशी कळलं.

मी चिडलो. खोटं का बोलू? मी म्हणालो, "मले सांगतलं काऊन नाई?" बघ, इतक्या वर्षांनी माझ्याही तोंडून गावची बोली निघाली.

तो म्हणाला, "तुमी दार काऊन नाई उघडलं? तीनदा आलतो. तुमी आतूनच म्हनलं, बरं हाय, जा. मंग कोनी का सांगावं? बाईचं लाकूड पडून हाय, असं घरी येऊन कोन सांगते?"

मी रास मोजायला गेलो. सवय. मोजता आली नाही. वाळवीने सगळी एकमेकांत मिसळून टाकली आहेत, कोणाचं कुठे संपतं ते कळत नाही. सागाची फांदी आहे, तुरीच्या काड्यांचा भारा आहे, ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांचं खाटेचं गातं, चौकटीची दांडी आहे. एक बाभळीचा दांडा मात्र शाबूत होता. त्याला वरच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या तारेचे वेढे होते, मंडळातल्या माणसाने घालावेत तसे. असे वेढे या गावात मी सोडून कोणी घालत नाही.

मी ते वेढे बोटांनी चाचपले. चंद्रभान मान खाली घालून म्हणाला, "तुमच्या घराले कुलूप होतं. मांगच्या कुडावरून उडी मारून म्याच काढला. सगळ्या गावाचं लाकूड अन तुमच्या घरचंच नाई, असं कसं होईन?"

मी तिथे खालीच बसलो. त्या दांड्यापायी मी त्याच्या पोरांना चोर समजत होतो. माझं लाकूड माझ्याआधी पोचलं होतं आणि मी गावाशी अबोला धरून बसलो होतो. झाडं वाचवा म्हणून निवडणूक लढवलेल्या माणसाचा, एवढं लाकूड वाया गेलेलं बघून, जीव जळायला हवा होता. नाही जळला. ती गेल्यापासून पहिल्यांदा मी मोठ्याने रडलो आणि मला बरं वाटलं. चंद्रभान शेजारी बसून तंबाखू मळत राहिला.

आता ठरलंय असं. येत्या १५ तारखेला, रविवारी सकाळी, ती रास पेटवायची. जयवंतेच्या नावाने, सगळ्या गावाने मिळून. काल मी घरोघर जाऊन सांगून आलो. आकडे काढायला कोणी धावलं नाही. सुलोचनाबाईने चहा केला. सुरभीही येते आहे. घर विकायचं नाही.

एकच अडचण होती. चंद्रभानने राशीतलं एक लाकूड उचललं तर त्याच्या हातात भुगा आला. तो म्हणाला, "हे असंच पेटनार नाई, भाऊ. ओल धरली. याच्या खाली पऱ्हाटी लागन." आणि मग माझ्याकडे बघून हसला, "तुमचा चौथा मुद्दा." मागच्या सालची पऱ्हाटी त्याच्याकडे आहे. यंत्र नाही, कोळसा नाही, नुसते भारे. तो देतो म्हणाला. मीही हसलो.

सगळ्या गावाचं लाकूड आहे तिथे, ताई. फक्त तुझं नाही. तू शनिवारीच ये. एक लाकूड घेऊन ये, तुझ्या घरचं, लहान असलं तरी चालेल. फक्त निंबाचं आणू नकोस, निंबासाठी मी अनामत घालवली आहे. बसमध्ये कंडक्टर काही बोलला तर तुला ऐकू येणारच नाही. त्याच्यापुढे पाटी धर आणि तिच्यावर आधीच लिहून ठेव: हिंगणीला जायचं आहे, भावजयीच्या मातीला.

मी स्टँडवर उभा असेन.

तुझा
रूपराव